समुद्राला परत केलेले बोंबील

प्रिय रेना आणि जोएल,

आपल्या चर्चच्या धर्मग्रामाच्या नाताळ अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला. विषय त्यांनीच दिला: 'माझे टायपिंगचे दिवस'. माणिकपूरला तीसेक वर्षं टायपिंगचे वर्ग चालवलेल्या बाईने चार गोड आठवणी लिहाव्यात, किती मुली बँकेत लागल्या ते सांगावं, एवढीच त्यांची अपेक्षा असणार. त्या मुली आपापल्या पेन्शनी घेत सुखात आहेत. त्यांच्याबद्दल त्या स्वतः लिहितील. मी तुम्हा दोघांना सांगायचं ठरवलं आहे ते वेगळं आहे, आणि ते रेनाच्या फोनमुळे आठवलं.

गेल्या महिन्यात रेनाने परदेशातून फोनवर सांगितलं की नोकरी सांभाळून ती एक वेबसाइट बनवते आहे. सायकेडेलिक मंडळींसाठी. त्यांची संमेलनं, व्याख्यानं, ध्यानाचे वर्ग, गाण्याच्या बैठका, सगळं एका यादीत. आणि मुख्य म्हणजे कोणालाही वगळायचं नाही. "आजी, तुला समजणार नाही, पण हे अगदी नवीन आहे," असंही ती म्हणाली.

मला समजलं. नवीन मात्र ते नाही. मी हेच काम माणिकपूरला, हाताने फिरवायच्या सायक्लोस्टाईल यंत्रावर केलं आहे. तुमची आई तेव्हा दुसरीत होती.

त्या वर्षांत अर्नाळ्याच्या बाजूला, सुरूच्या झाडांमागे, एक जुना बंगला होता. मालक मुंबईला राहायचा आणि भाडं मिळालं की कोण राहतं ते विचारायचा नाही. तिथे हिप्पी येऊन राहिले. काही गोरे, काही मुंबईचे. गावातले लोक त्यांना सरसकट 'चरशी' म्हणत. ते अगदीच चूक नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. चरशी माणूस निदान कोपऱ्यात गप्प बसतो. हे बोलत. सकाळपासून बोलत, आणि बहुतेक प्रेमाबद्दल.

त्यांचा म्होरक्या विक्रम. त्याच्या वडिलांच्या मुंबईत दोन गिरण्या होत्या. केस खांद्यापर्यंत, गळ्यात रुद्राक्ष, पायात काही नाही. तो पहिल्यांदा वर्गात आला तेव्हा सहाच्या सहा मुलींची बोटं मशीनवर थांबली. मी टेबलावर पट्टी आपटली, तेव्हा पुन्हा सुरू झाली.

"आंटी," तो म्हणाला, "आपको एक सुंदर काम देना है."

"मी आंटी नाही. टीचर म्हणतात मला. आणि सुंदर की कुरूप ते मी मजकूर बघून ठरवीन."

काम असं होतं: दर पंधरवड्याला एक पत्रक. किनाऱ्यावर, मुंबईत, गोव्याच्या वाटेवर, जिथे जिथे ही 'सायकेडेलिक' मंडळी जमत तिथल्या कार्यक्रमांची यादी. नाव ठरलं होतं 'द ओपन गेट'. त्यांच्या बंगल्याच्या फाटकाला कडी नव्हती, त्यावरून हे नाव सुचलं होतं. कडी बसवायचा आळस हेच पुढे तत्त्वज्ञान झालं. पत्रकाच्या डोक्यावर एक वाक्य कायम राहणार होतं: सर्वांचं स्वागत आहे, कोणालाही नकार नाही.

"सायकेडेलिक म्हणजे काय?" मी विचारलं. शब्द मला वाचून माहीत होता, पण गिऱ्हाइकाच्या तोंडून अर्थ काढून घ्यायची माझी पद्धत होती.

"मन उघडतं, टीचर. आतले रंग बाहेर येतात. दिसत नाही ते दिसायला लागतं."

"आमच्याकडे त्याला ताप म्हणतात," मी म्हटलं. "गोळीचं, पुडीचं, कसल्याही मालाचं नाव मी टाइप करणार नाही. कबूल असेल तर कागद आणा."

कबूल झालं. वसई-विरारच्या परिसरात इंग्रजी स्टेन्सिल कापून देणारं दुसरं कोणी नव्हतं, हे त्याचं खरं कारण.

तुम्हाला स्टेन्सिल ठाऊक नाही, म्हणून सांगते. तो मेणाचा पातळ कागद असतो. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची आणि अक्षरांनी थेट त्या कागदावर मारायचं. शाईविना मारलेलं अक्षर मेण कापत जातं. जोर कमी पडला तर अक्षर उमटत नाही. जास्त झाला तर 'ओ'चा मधला गोल निखळून पडतो आणि तिथे काळा डाग छापला जातो. चूक झाली तर गुलाबी औषधाचा थेंब लावायचा, फुंकर घालायची, वाळू द्यायचं आणि पुन्हा मारायचं. मग तो स्टेन्सिल यंत्राच्या शाईच्या पिंपावर ताणून चढवायचा आणि दांडा फिरवायचा. पहिले दहा-बारा कागद फिके येतात, ते मुलींना कच्च्या कामाला. नंतरचे चांगले. एका स्टेन्सिलचे काही शे कागद निघतात, पण हात सारखा फिरवला पाहिजे. घाईच्या माणसाचं ते काम नव्हे.

आणि माझा एक नियम होता. बाबांनी मला कॉलेजपर्यंत शिकवलं, पण हा नियम मला पहिल्या नोकरीत एका इंग्रज वकिलाच्या कचेरीत मिळाला: मजकूर गिऱ्हाइकाचा, अक्षर आपलं. टाइपिस्टने शुद्धलेखन सुधारावं, मत देऊ नये. कित्येक वर्षं मी हा नियम मुलींना पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून देत असे. प्रत्येक कामाच्या खाली मी माझ्या वर्गाचं नाव आणि 'माणिकपूर' एवढा पत्ता बारीक अक्षरांत टाकायची. अक्षर माझं आहे हे लोकांना कळायला नको का?

आता त्यांच्या मजकुराबद्दल. विक्रम पहिला गठ्ठा घेऊन आला तो सिगारेटच्या पाकिटांच्या मागे, केळीच्या पानावर आणि एका गोऱ्या माणसाच्या मनगटावर लिहिलेला होता. मनगट सोबत आलं होतं. एका कार्यक्रमाची वेळ होती 'चंद्र तयार झाला की'. मी म्हटलं, चंद्र कधी तयार होतो ते भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलं असतं, तेवढं बघून या. दुसरं एक मौनाचं शिबिर होतं, तीन दिवसांचं, आणि त्यात मौनावर रोज संध्याकाळी चर्चा होणार होती. तिसऱ्यात चौकशीसाठी पत्ता दिला होता: 'समुद्र'.

मी चार रकाने पाडले. काय. कधी. कुठे. जबाबदार कोण.

विक्रम दुःखी झाला. "टीचर, चौकटी म्हणजे तुरुंग."

"मग तुरुंगात तारीख तरी कळेल."

त्यांच्यात एकच मुलगी होती जिने हे रकाने बघून सुटकेचा श्वास टाकला. हॅना. हॉलंडची, चोविशीची, नाकावर उन्हाने सोललेली कातडी. ती दर गुरुवारी एसटीने यायची, कागदांच्या कडा जुळवायची, घड्या घालायची. वर्गातल्या मुलींसोबत बसून चहा प्यायची आणि कप स्वतः विसळायची. बंगल्यातल्या बाकीच्यांची कपाबद्दलची कल्पना अशी होती की तो आपोआप स्वच्छ होतो.

'कोणालाही नकार नाही' या वाक्याची परीक्षा तिसऱ्याच अंकात झाली. आमच्या आळीतला ब्रास बँडवाला, लग्नात आणि सणाला वाजवणारा, माझ्याकडे बिलबुकं छापायला आला होता. त्याने पत्रक पाहिलं, अर्थ विचारला आणि म्हणाला, "टीचर, सर्वांचं स्वागत लिहिलंय, तर आमचंपण टाका की. रविवारी सणाला आम्ही मैदानावर वाजवणार. येऊ दे गोऱ्यांना ऐकायला." मी टाकलं. विक्रमला पटेना. ब्रास बँडची कंपनं बरोबर नाहीत, तो म्हणाला. सतारीची बरोबर असतात. मी म्हटलं, मग वरचं वाक्य बदलू या, 'सतारवाल्या सर्वांचं स्वागत' असं करू. बँड छापला गेला. ऐकायला बंगल्यातून एकटी हॅना आली, आणि नाचलीसुद्धा.

चर्चच्या पायऱ्यांवर बायका कुजबुजू लागल्या की टीचर चरशांचं काम करते. त्यातल्या दोघी आपल्या नवऱ्यांच्या अर्जांसाठी माझ्याकडेच यायच्या. मी अर्ज करून दिले आणि त्यांना 'ओपन गेट'च्या एकेका फिक्या कागदात गुंडाळून दिले.

हे सगळं मी मिजाशीत सांगते आहे ना? आता पुढचं ऐका.

ईस्टर होऊन गेला होता. होड्या पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढायला चारेक आठवडे राहिले होते. विक्रम नव्या अंकाचा मजकूर घेऊन आला. त्यात एक कार्यक्रम मोठ्या अक्षरांत हवा होता: 'समुद्राला परत'. काय, या रकान्यात: समुद्राकडून घेतलेलं समुद्राला परत देण्याचा प्रेमाचा सोहळा, फुलं आणावीत. कधी: रविवारी सकाळी. कुठे: किनाऱ्यावर, बांबूंच्या मांडवापाशी, मोकळ्या जागेत. जबाबदार कोण: आपण सगळे.

मला वाटलं, नारळी पौर्णिमेला कोळी नारळ देतात तसं काही असेल. दोन ठिकाणी माझं बोट अडखळलं, ते सांगते. 'आपण सगळे' हे जबाबदार माणसाचं नाव होत नाही. आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबूंचा मांडव कशाला असतो ते वसईच्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्याला वलांडी म्हणतात. बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि त्यांवर बोंबील वाळत घालायचे. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी करायची आणि ती दोरीवर टांगायची. त्या सुक्या बोंबलांवर कोळ्याचं घर पावसाळा काढतं.

"ही जागा कोणाची आहे?" मी विचारलं.

"सगळ्यांची, टीचर. समुद्राचा किनारा कोणाचा असतो?"

"आणि मांडव?"

"कोणी दिसलं नाही तिथे."

मग फळ्यावरचा नियम आठवला. मजकूर गिऱ्हाइकाचा. मी 'समुद्राला परत' हे शीर्षक बरोबर मधोमध बसवलं, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून. ते इतकं नेटकं बसलं की मी मुलींना बोलावून दाखवलं.

सोमवारी सकाळी वर्ग भरला होता. दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, काळीसावळी, कासोटा घातलेली, काखेत टोपली, हातात माझंच पत्रक. मागे तिची सून.

"माणिकपूरचं टायपिंग ह्याच काय?"

"हो. आपण?"

"मी बायजा. अर्नाल्याची." तिने पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं आणि खालच्या बारीक अक्षरांवर बोट टेकवलं. "सुनेनं वाचला. सातवी झालीय ती. ह्या नाव तुजा हाय?"

"माझ्या वर्गाचं."

"मंग माजे बोंबील कुटं हायत ते तू सांग."

मुलींचे हात थांबले. मी पट्टी आपटली नाही.

जे घडलं होतं ते तिने उभ्यानेच सांगितलं. रविवारी घरचे पुरुष समुद्रावर होते, ती आणि सून विरारच्या बाजारात. वलांड्यांपाशी तिचा सासरा तेवढा राखणीला बसला होता. त्याला दिसायचं कमी. सव्वाशे-दीडशे माणसं आली. त्यांनी म्हाताऱ्याच्या गळ्यात फुलांची माळ घातली, हातात सरबताचा पेला दिला. त्याला वाटलं सरकारी कार्यक्रम आहे, मंत्री येणार आहे. तो हात जोडून बसून राहिला. मग त्या मंडळींनी गाणी म्हणत तीन वलांड्यांवरचे सगळे अर्धे सुकलेले बोंबील जोडी-जोडीने सोडवले, ओंजळीत घेतले, त्यांची क्षमा मागितली आणि समुद्रात सोडून दिले. सुटत नव्हत्या त्या दोऱ्या कापल्या. मोकळ्या बांबूंना रंगीत फडकी बांधली.

मेलेल्या माशांना त्यांनी घरी पोचवलं होतं.

दुपारच्या भरतीने समुद्राने ते सगळं पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकलं. वाळूत घोळलेले, फुगलेले, झेंडूच्या फुलांसकट. त्यालाही नको होते. कावळ्यांनी आणि कुत्र्यांनी संध्याकाळपर्यंत खाल्ले.

"म्हातारा कालधरनं जेवला नाय," बायजा म्हणाली. "म्हंतो, माज्या डोल्यांदेखत नेला, आनि मी हात जोडून बसलो." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला म्हाईत नवता, बाय? वलांडी काय ते?"

"माहीत होतं."

"मंग लिवला कशाला?"

माझ्यामागे फळा होता. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी तिला तो नियम समजावून सांगू शकले असते. वकिलाच्या कचेरीत तो पुरला असता. मी मुलींना सुट्टी दिली आणि तिच्याबरोबर एसटीत बसले.

बंगल्यावर मंडळी अजून सोहळ्याच्या धुंदीत होती. विक्रमने बायजाला पाहून हात पसरले. "आई! या, या. काल तुम्ही असायला हव्या होतात. किती सुंदर होतं ते!"

"हा कोन?" बायजाने मला विचारलं.

"ज्याने केलं तो."

मी त्यांना सांगितलं. वलांडी म्हणजे काय, बोंबील कोणाचे, पावसाळा म्हणजे काय, होड्या कधी ओढतात. सगळं इंग्रजीत, एकेक वाक्य सावकाश, श्रुतलेखन घालावं तसं. ऐकता ऐकता काहीजण रडू लागले. एक दाढीवाला बायजाच्या गळ्यात पडायला आला. तिने त्याला टोपली आडवी धरली. विक्रम म्हणाला की आपण गोल बसून सगळ्यांनी आपल्या मनातलं बोलू या. दुसरी एक म्हणाली की क्षमायाचनेचा सोहळा करू, पुढच्या अंकात टाकू, सर्वांचं स्वागत. विक्रमने शेवटी खिशात हात घातला, कारण वडिलांची सवय रक्तात होती.

बायजाने मान हलवली. "पैशानं बोंबील टांगले जात नाय. अजून तीन हप्ते होड्या मासली आनतील. बोंबील नरम असतो, त्याच दिशी लावला तर लागला, नाय तर सडला. मना दोऱ्या पायजेत. मना हात पायजेत. ह्या सगल्यांच्या हातानी नेलेत ना माजे बोंबील? तेच हात पायजेत."

मी ते भाषांतर करून सांगितलं. हॅना आधीच उठून चपला शोधत होती.

त्या संध्याकाळी मी 'ओपन गेट'चा एक जादा अंक काढला, कोणी न सांगता, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा मजकूर स्टेन्सिलवर कापला. काय: बायजाबाईंच्या तीन वलांड्या पुन्हा भरणे, दोऱ्या वळणे, बांबू रोवणे, बोंबील जोडीने लावणे. कधी: रोज, होड्या लागल्या की, होड्या ओढेपर्यंत. कुठे: जिथे तुम्ही मागच्या रविवारी आला होतात. जबाबदार कोण: खाली माझं नाव, पूर्ण. आणि वर नेहमीचं वाक्य तसंच ठेवलं. सर्वांचं स्वागत आहे, कोणालाही नकार नाही. हॅनाने ते अंक मुंबईपर्यंत पोचवले.

पहिल्या दिवशी अकरा माणसं आली. त्यांतल्या दोघांना वास सहन झाला नाही. एकाने बोंबलांकडे पाहून बासरी वाजवली, त्याला बायजाच्या सुनेने हाकललं. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवसापासून हॅना आणि मी. विक्रम एकदा आला, लांबून नमस्कार करून गेला. त्याला म्हणे माशांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. बायजाच्या डोळ्यांत न बघण्याची सोय त्याने आधीच करून ठेवली होती.

मी सकाळचे वर्ग बंद ठेवले. बोंबलाचा जबडा बारीक दातांचा असतो, सवय नसेल तर बोटं सोलून निघतात. माझी निघाली. दुपारी त्याच बोटांनी मशीनवर बसायचं. कळांना वास लागला, मुली नाकाला रुमाल लावून टाइप करायच्या. तुमचे आजोबा जेवताना खुर्ची थोडी लांब सरकवायचे आणि काही बोलायचे नाहीत. म्हातारा सासरा माझ्या शेजारी बसून हाताने चाचपून जोड्या लावायचा. डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी माझ्या तिप्पट वेगाने. चौथ्या दिवशी तो मला म्हणाला, "तू शिकलेली ना गो? तुजी जोडी घसरते." मी पुन्हा लावली.

होड्या ओढल्या त्या दिवशी दोन वलांड्या भरल्या होत्या. तिसरी तशीच उघडी राहिली, नुसते बांबू आणि नव्या दोऱ्या. मासळी कमी झाली होती. आणखी माणसं असती तर त्या पहिल्या आठवड्यात तीही भरली असती.

"दोन भरल्या," बायजा म्हणाली. ती माझ्यावर ओरडली नाही. "तिसरी तुज्या नावावर."

पावसाळ्यानंतर मी 'ओपन गेट' बंद करावं असं सगळ्यांना वाटलं. मी केलं नाही. मी त्यात पाचवा रकाना वाढवला: जागा कोणाची, त्यांना विचारलं का. फळ्यावरचा नियम पुसला आणि मुलींना नवा दिला नाही, तुम्हीच ठरवा म्हटलं. किनाऱ्यावरचा कुठलाही कार्यक्रम मी बायजाच्या परवानगीशिवाय टाइप करणार नव्हते. आता बायजाला लिहिता येत नव्हतं. अंगठा उठवायला ती तयार नव्हती. म्हणाली, अंगठा सावकाराकडे उठवतात. तिने स्वतःची रीत काढली. ज्याला तिने हो म्हटलं, त्याच्या हातात ती सुक्या बोंबलाची एक जोडी द्यायची, तिच्या हाताने जबड्यात जबडा अडकवलेली. ती जोडी माझ्या टेबलावर आली की कार्यक्रम छापायचा. तशी जोडी बाहेरच्या कोणाला लावता येत नसे. एका दीडशहाण्याने बाजारातून बोंबील घेऊन स्वतः जोडी लावून आणली होती. माझ्यासमोरच घसरली.

दोन वर्षं असं चाललं. माझ्या टेबलाच्या खणात कायम बोंबील. सतारवाले, मौनवाले, चंद्रवाले, सगळे एसटीने अर्नाळ्याला जाऊन बायजासमोर उभे राहायचे, ती त्यांना उन्हात ताटकळत ठेवायची, चार प्रश्न विचारायची आणि बहुतेकांना नाही म्हणायची. ज्यांना हो मिळालं ते कागदात गुंडाळलेली जोडी अंतर राखून धरत माझ्याकडे यायचे. त्यांच्यात जगाच्या एकात्मतेवर तासभर बोलणारे होते. एका बाईशी मराठीत पाच मिनिटं बोलायची वेळ त्यांच्यावर तिथे पहिल्यांदा आली. मग हळूहळू बंगला रिकामा झाला. हॅना परत गेली. पुढे कैक वर्षं तिचं नाताळचं कार्ड यायचं, माझ्यासाठी एक आणि माझ्या पत्त्यावर बायजासाठी एक. बायजाचं कार्ड मी वाचून दाखवायची आणि ती प्रत्येक वेळी विचारायची, "बोटं बरी झाली काय तिची?"

विक्रम पुन्हा भेटला तो ऐंशीच्या दशकात, तुमच्या आईच्या लग्नाच्या सुमारास. केस कापलेले, पायात चकचकीत बूट. वडिलांच्या गिरण्या बंद पडल्या होत्या आणि तो इमारती बांधायला लागला होता. किनाऱ्याजवळ. माझ्याकडे स्टेन्सिलला मजकूर घेऊन आला, जुन्या ओळखीने. एक होतं गिऱ्हाइकांना वाटायचं पत्रक: समुद्राच्या कुशीत घरं, समाजातल्या सर्व घटकांचं स्वागत. दुसरी होती रहिवाशांसाठी नियमावली. सातवा नियम: इमारतीत किंवा आवारात मासळी शिजवणे, साठवणे, सुकवणे यांस सक्त मनाई. आठवा: शेजारच्या मोकळ्या जागेतील बांबूंचे मांडव हटवण्याबाबत सोसायटी पाठपुरावा करील.

मी दोन्ही कागद नीट वाचले. सगळं टापटीप होतं. रकाने पाडलेले, तारखा घातलेल्या. माझ्याकडूनच शिकला होता.

"टीचर, लवकर पाहिजे."

"आणलीस का?"

"काय?"

"जोडी. बायजाची."

तो हसला. मी हसते का ते त्याने बघितलं. मग कागद उचलले आणि गेला. स्टेशनजवळ तेव्हा नवीन झेरॉक्स निघालं होतं, तिथे ते काम दुपारपर्यंत झालं. झेरॉक्सच्या यंत्राला वलांडी म्हणजे काय ते माहीत असण्याची गरज नसते. पुढच्या सहा-सात वर्षांत वलांड्या दोनदा सरकल्या आणि तिसऱ्यांदा सरकवायला जागा उरली नाही. बायजाने ते पाहिलं. मी नियमावली टाइप केली नाही, एवढंच माझ्याकडून झालं. त्याने कोणाचा एक बांबूही वाचला नाही.

रेना, तू मला तुझ्या वेबसाइटचा फॉर्म बघायला पाठवलास, जोएलने तो मोठ्या अक्षरांत करून दिला. मी पेन्सिल घेऊन बसले आणि चौकटी मोजल्या. एक्केचाळीस आहेत. व्हीलचेअर आत येते का, खाणं कोणतं, पाहुण्यांना कसं संबोधायचं, कुत्रा चालेल का, उजेड किती, आवाज किती. चांगल्या आहेत. मी आयुष्यभर रकाने पाडले, मी चौकटींना नावं ठेवणार नाही. कार्यक्रम करणाऱ्याची आणि येणाऱ्याची तू पुष्कळ काळजी घेतली आहेस. जागेपुढे तू फक्त नकाशावरची खूण मागितली आहेस.

त्या खुणेवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोण उभं असतं, त्याला कोण जाऊन भेटलं आणि तो काय म्हणाला, हे कुठे भरायचं ते मला सापडलं नाही. बेचाळिसावी चौकट कर. तिच्यात टिचकी मारून भागणार नाही असं काहीतरी मागव, जे आणायला माणसाला चालत जावं लागेल आणि हाताला वास लागेल.

माझ्या खणात एक जोडी अजून आहे. बायजाची शेवटची, कार्यक्रम रद्द झाल्यामुळे माझ्याकडेच राहिलेली. इतक्या वर्षांत जबड्यातून जबडा सुटलेला नाही. विमानातून नेऊ देतात का, तेवढं विचारून कळव.

तुमची आजी